फेरफार प्रलंबित

खरेदीखत झालं म्हणजे जमीन आपली झाली, असं समजणारी माणसं मी 31 वर्षं रोज पाहिली. सकाळी दहाच्या आधीच ती कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसायची. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत नोंदणी झालेला दस्त आणि चेहऱ्यावर नव्या मालकाचं तेज. मी चष्मा कपाळावर सरकवून सांगायचो, "दस्त झाला हो, पण सातबाऱ्यावर नाव कुठंय? फेरफार प्रलंबित आहे. पुढच्या आठवड्यात या." कारकून म्हणून चिकटलो आणि निवृत्तीला नायब तहसीलदार झालो, तेवढ्या काळात 'पुढच्या आठवड्यात या' हे मी किती वेळा म्हणालो याची नोंद गावच्या कुठल्याच नमुन्यात नाही. ती वर कुठेतरी होत असावी असा मला संशय होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर तो खरा ठरला.

झालं असं, की माझ्या साठीला शिकागोतल्या मुलानं शांत करण्याऐवजी आम्हा दोघांना पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट काढून दिलं. असं तिकीट असतं हे मला ठाऊक नव्हतं. एसटीचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा पास मला माहीत होता. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, खिशात टाकायचा आणि दिसेल त्या गाडीत चढायचं. मला वाटलं, हे त्याचंच मोठं भावंड. मुलगा म्हणाला, "बाबा, तसंच, पण थोडे नियम आहेत." त्यानं नियमांची पानं पाठवली. ती वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 नंतर इतकं मन लावून मी काही वाचलेलं नाही.

ही तिकिटं विमान कंपन्यांच्या आघाड्या विकतात. जगात अशा तीन मोठ्या आघाड्या आहेत. स्टार अलायन्स 1997 साली झाली, वनवर्ल्ड 1999 साली आणि स्कायटीम 2000 साली. आघाडी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. फोटोत सगळे हात उंचावून उभे, आणि तक्रार घेऊन गेलं की ते खातं नेमकं दुसऱ्या पक्षाकडे. आमचं तिकीट यांतल्या कुठल्या आघाडीचं, हे मी सांगणार नाही. सरकारी नोकराला गोपनीयतेची सवय असते.

नियम मात्र सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखेच. एकदा पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड केलं की तीच दिशा धरायची. अटलांटिक एकदा ओलांडायचा, पॅसिफिक एकदा ओलांडायचा, आणि ज्या देशातून निघालो तिथेच वर्षाच्या आत परत यायचं. फार तर 16 टप्पे. मैलांवरचं तिकीट असेल तर 26 हजार, 29 हजार, 34 हजार, 39 हजार अशा पायऱ्या असतात. एक मैल जास्त झाला की वरच्या पायरीचे पैसे. शिवाय तुम्ही कुठल्या देशातून निघता त्यावर दर बदलतो. तेच आकाश, तीच विमानं, पण सुरुवात दुसऱ्या देशातून केली की भाव वेगळा. लोकांना याचं नवल वाटतं. मला वाटलं नाही. रस्त्याच्या अलीकडे रेडी रेकनरचा दर एक आणि पलीकडे दुसरा, हे ज्यानं समजावून सांगितलंय त्याला कसलं नवल!

हिला नियम समजावताना मी म्हटलं, "नर्मदा परिक्रमा आहे असं समज. मैया उजव्या हाताला ठेवायची, मधेच ओलांडायची नाही, मागे फिरायचं नाही." ही म्हणाली, "आणि अष्टविनायकासारखं, मोरगावला सुरू, मोरगावला शेवट." तिला पाच मिनिटांत जे कळलं ते पुढे कॉल सेंटरच्या निम्म्या लोकांना कळलेलं नव्हतं.

विमानाशिवाय केलेला टप्पाही या तिकिटात मोजतात. म्हणजे एका शहरात उतरून दुसऱ्या शहरापर्यंत तुम्ही रेल्वेनं, मोटारीनं किंवा चालत गेलात, तरी 16 पैकी एक टप्पा खर्ची पडतो. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलियस फॉग 20 ऑक्टोबर 1872 रोजी मुंबईत उतरतो आणि कलकत्त्याच्या गाडीत बसतो. मधे रूळच संपतात, तेव्हा दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेऊन पुढे जातो. आजच्या नियमानं तो हत्तीही एक टप्पाच. फॉगनं तिकिटातले बदल वाटेल तसे केले, कारण त्याच्याकडे नोटांनी भरलेली पिशवी होती आणि कॉल सेंटर नव्हतं.

आमचा मार्ग मुंबई, लंडन, न्यू यॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, सिडनी, मेलबर्न, सिंगापूर आणि परत मुंबई. लंडनला आम्ही 23 तास थांबलो. ब्रिटनमधून विमानानं निघताना प्रवाशाला कर भरावा लागतो, 1994 पासून. परदेशाहून येऊन 24 तासांच्या आत पुढच्या देशाला निघालात तर माफ. मुलानं हिशेब केला आणि आम्हाला 23 तासांत राणीचं गाव दाखवलं, त्यात झोपही आली. दीडशे वर्षं आमच्याकडून शेतसारा नेला, आता निघायचाही कर! तो बुडवताना मला महसूल खात्यात असूनही अपराधी वाटलं नाही.

शिकागोपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग मेलबर्नहून मेहुण्याचा फोन आला. तिथे त्याच्या नातवाची मुंज होती, मार्चच्या मध्याला. ती पुढे गेली. मेलबर्नला मुहूर्त मिळतो, गुरुजीही मिळतात, पण हॉल मिळत नाही. हॉल मिळाला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला, आणि हॉलच्या तारखेला गुरुजींनी मुहूर्त काढून दिला. आमच्या तिकिटाची तारीख बदलणं आलं.

मुलगा म्हणाला, "नुसती तारीख बदलायला पैसे पडत नाहीत." तेवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण ही म्हणाली, "नाहीतरी बदलताय, तर सिडनीऐवजी ऑकलंडवरून जाऊ. हुजूरपागेतली माझी मैत्रीण आहे तिथे. 40 वर्षांत भेट नाही." (न्यूझीलंडच्या व्हिसाची कथा वेगळी आहे. ती दिवाळी अंकासाठी राखून ठेवतो.)

इथे एक बारकावा आहे. तारीख बदलणं वेगळं, मार्ग बदलणं वेगळं. कागदी तिकिटांच्या जमान्यात तारीख बदलली की त्या पानावर नव्या तारखेची छोटी चिकटपट्टी लावून देत. झालं काम. मार्ग बदलला की अख्खं तिकीट नव्यानं लिहायचं, म्हणजे उरलेल्या प्रवासाचे कर पुन्हा मोजायचे, फरक घ्यायचा, वर फेरलेखनाची फी. आमच्या बाबतीत माणशी सव्वाशे डॉलर. पहिलं म्हणजे लेखनप्रमादाची दुरुस्ती आणि दुसरं म्हणजे फेरफार. मला हा फरक माहीत होता. तरी मी फसलो, ते पुढे.

फोन लावला. पाऊण तास सतार आणि ड्रम यांची जुगलबंदी ऐकली. मग एक सुस्वभावी तरुण आला आणि त्यानं आडनावाचं स्पेलिंग विचारलं. आमचं आडनाव क्षीरसागर. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "के फॉर कोल्हापूर, एस फॉर सांगली, एच फॉर हिंगोली, आय फॉर इचलकरंजी, आर फॉर रत्नागिरी, एस फॉर सातारा, ए फॉर अकोला, जी फॉर गडचिरोली, ए फॉर अमरावती, आर फॉर रायगड." पलीकडे शांतता. नकाशा समोर नसल्यामुळे त्याची पंचाईत झाली असावी. मग तो त्यांच्या पद्धतीनं परत म्हणू लागला, "किलो, सिएरा, हॉटेल, इंडिया, रोमिओ..." फोन स्पीकरवर होता. ही स्वयंपाकघरातून कालथा घेऊन बाहेर आली. "हॉटेल काय, रोमिओ काय? कुणाशी बोलताय तुम्ही?" शेवटी दुसरा रोमिओ आला तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

त्या तरुणानं सगळं बदललं. ऑकलंड घातलं, सिडनी काढलं, तारखा पुढे ढकलल्या. कार्डाचा नंबर घेतला. म्हणाला, "बुकिंग बदललंय. तिकीट दर ठरवणाऱ्या विभागाकडे जाईल, ते भाडं काढतील, 48 तासांत नवं तिकीट येईल." थोड्या वेळात ईमेलही आली. त्यात ऑकलंड होतं, नव्या तारखा होत्या, आम्हा दोघांची नावं बिनचूक होती. मी त्याच्या दोन प्रती काढल्या, एक हिच्या पर्समध्ये, एक माझ्या. मुलाला आठवड्यानं विचारलं, "पैसे गेले का रे कार्डावरून?" तो म्हणाला, "नाही, अजून दिसत नाहीत." मी खूश झालो. म्हटलं, विसरले बहुतेक. फी भरल्याची पावती नाही म्हणजे नोंद झालेली नाही, हे 31 वर्षं दुसऱ्यांना सांगणारा मीच तो माणूस!

शिकागोहून निघायच्या दिवशी बर्फ पडलं. आम्ही चेक-इन केलं, बोर्डिंग पास घेतला, विमान रद्द झालं. दुसऱ्या दिवशी गर्दीत कुणीतरी नवा बोर्डिंग पास हातात कोंबला आणि आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला पोचलो. तिथे भाचीकडे सहा दिवस राहिलो. मंगळवारी संध्याकाळी विमान सुटायच्या चार तास आधी, ऑकलंडला जायला काउंटरवर उभे राहिलो.

काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेतले, हसली आणि कळफलकावर बोटं चालवू लागली. विमान कंपन्यांचे लोक इतकं काय टाइप करतात हे मला कधीच कळलेलं नाही. 'क्षीरसागर' लिहायला दहा अक्षरं पुरतात. ती जवळजवळ एक अध्याय लिहीत होती. पंधरा मिनिटांनी हसू मावळलं. विसाव्या मिनिटाला तिनं शेजारणीला बोलावलं. दोघींनी मिळून पडद्याकडे पाहिलं, जसं तलाठी आणि मंडळ अधिकारी जुन्या मोडीतल्या नोंदीकडे पाहतात. मग ती म्हणाली, "तुमचं बुकिंग आहे. तिकीट नाही."

मी पर्समधून प्रत काढली. ती म्हणाली, "हे बुकिंग आहे."

"मग तिकीट?"

"तिकीट अजून सिडनीचं आहे. नवं काढलेलं नाही. रांगेत आहे."

माझ्या पायाखालची फरशी सरकली, पण डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बुकिंग म्हणजे दस्त आणि तिकीट म्हणजे सातबारा. दस्त झाला होता, नाव चढलं नव्हतं. त्या रांगेत मी अलीकडच्या बाजूला उभा होतो, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवी खरंच होती, भाचीनं दिलेल्या दशम्यांची.

मी म्हटलं, "मग आता काढा." ती म्हणाली, "आम्ही काढू शकत नाही. ज्या कंपनीनं तिकीट दिलं तिनंच बदलायला हवं." विमान हिच्या कंपनीचं, तिकीट दुसऱ्या कंपनीचं, आणि शिकागोहून आम्हाला आणलं ते तिसऱ्या कंपनीनं. आघाडी! भाचीला फोन लावून ठेवायला सांगितलं, तिथे पुन्हा सतार सुरू झाली. तिकीट देणारी कंपनी फोनवर आली आणि म्हणाली, "नवं तिकीट काढता येत नाही, कारण तुम्ही शिकागोहून निघालेलाच नाही आहात."

"मी सॅन फ्रान्सिस्कोत उभा आहे."

"आमच्याकडे शिकागोचं कुपन वापरलेलं दिसत नाही. ते एअरपोर्ट कंट्रोलमध्ये आहे."

हे समजायला मला थोडा वेळ लागला. तिकिटातल्या प्रत्येक टप्प्याचं एक कुपन असतं. कागदी तिकिटं 2008 साली जगभरातून गेली, पण कुपन गेलं नाही. ते आता संगणकात राहतं. एका तिकीट नंबरात चारच कुपनं मावतात, तेव्हा मोठ्या प्रवासाला ओळीनं दोन-तीन-चार नंबर लागतात. गट नंबर एक आणि त्याचे पोटहिस्से, तसंच. प्रत्येक कुपनाला अवस्था असते. उघडं, चेक-इन झालेलं, वापरलेलं, बदलून दिलेलं. चेक-इन केलं की कुपनाचा ताबा त्या विमानाच्या कंपनीकडे जातो, आणि विमान उडालं की तिनं 'वापरलं' असं लिहून सोडायचं असतं. बर्फाच्या गोंधळात शिकागोला ते लिहायचं राहून गेलं. त्यामुळे कुपन तिसऱ्या कंपनीच्या मुठीत, दुसऱ्या कंपनीला ते दिसेना, आणि पहिल्या कंपनीच्या काउंटरपुढे आम्ही. शिवाय कुपनं ओळीनंच वापरावी लागतात. मधलं एक गाळलं की पुढची सगळी बाद. म्हणजे शिकागोहून निघालोच नाही हे सिद्ध झालं, तर मुंबईपर्यंतचा सगळा प्रवास खालसा.

दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. समोर उभा राहून, श्वास घेत, मी जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. तिथे मी कधी चिडत नाही. कागदाला माणूस दिसत नाही, हे मला माहीत आहे. पण कॅलिफोर्नियात उभं राहून आपण इलिनॉयमध्येच आहोत असं ऐकणं हा हयातीच्या दाखल्याच्याही पुढचा प्रकार होता.

"गणपतीनं आईबापांभोवतीच फेरी मारली, ती उगीच नाही," ही म्हणाली आणि पर्स उघडून बसली. महसूल खात्यातल्या माणसाची बायको. घरात 1987 सालचं दूधवाल्याचं कार्ड आहे. पर्समध्ये कालनिर्णय होतं, परदेशात चतुर्थी चुकू नये म्हणून घडी घालून आणलेलं. मार्चच्या पानाला टाचणीनं लावलेल्या शिकागोच्या विमानाच्या दोन फाटक्या चिठ्ठ्या तिनं काउंटरवर ठेवल्या. नाव, तारीख, आसन क्रमांक. त्या मुलीनं त्या दोन बोटांनी उचलल्या, आणि तिच्या चेहऱ्यावर मला ओळखीचा भाव दिसला. मूळ कागद समोर आल्यावर कारकुनाच्या मनात जो आदर दाटून येतो, तो. इतका वेळ 'हे माझ्या हातात नाही' म्हणणाऱ्या तिनं आतल्या फोनवरून तिसऱ्या कंपनीच्या माणसाला गाठलं, चिठ्ठीवरचा नंबर वाचून दाखवला, आणि कुपन सुटलं. ताबा मिळाला.

मग भाडं काढणं. पडदा तिनं माझ्याकडे वळवला, बहुधा मी फारच वाकून बघत होतो म्हणून. त्यावर शहरांची तीन-तीन अक्षरं, कंपन्यांची दोन-दोन, मधे आकडे, आणि शेवटी 'एनयूसी' नावाचं चलन. हे चलन कुठल्याही देशात चालत नाही, त्याची नोट नाही, नाणं नाही. विमानभाड्याच्या हिशेबापुरतंच ते जगतं आणि मग त्याचे डॉलर किंवा रुपये होतात. ती मला म्हणाली, "हे समजायला अवघड आहे." मी म्हटलं, "मुळीच नाही." आमच्याकडे 1957 साली दशमान नाणी आली, आणे गेले, पण दुष्काळ पडला की अजून लोक आणेवारी किती लागली तेच विचारतात. हे मी तिला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. तिनं पाण्याची बाटली दिली.

विमान सुटायला पन्नास मिनिटं असताना यंत्रातून कागद निघाला. कार्डावरून अडीचशे डॉलर आणि करांचा फरक गेला आणि मला आयुष्यात प्रथमच पैसे गेल्याचा आनंद झाला. आमच्या फेरफाराला कायद्यानं 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. इथे काम तीन तासांत झालं. अमेरिका पुढे आहे ती अशी.

मंगळवारी रात्री उडालो आणि गुरुवारी सकाळी ऑकलंडला उतरलो. वाटेत दिनांतर रेषा लागते आणि पश्चिमेला जाणाऱ्याचा एक दिवस गायब होतो. आमचा बुधवार गेला. हिनं कालनिर्णय उघडलं आणि कपाळाला हात लावला. बुधवारी संकष्टी होती. उपास करायचं राहिलं असं म्हणावं, तर तो दिवसच उगवला नव्हता. तिनं गुरुवारी उपास केला, चंद्र न्यूझीलंडचा पाहिला आणि मैत्रिणीच्या घरी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. माझ्या मते ती चतुर्थी अजून पॅसिफिकवर प्रलंबित आहे.

मुंज छान झाली. मेलबर्नच्या हॉलमधला आगीचा इशारा देणारा भोंगा होमाच्या धुरानं दोनदा वाजला, पण मुहूर्त टळला नाही. सिंगापूरमार्गे मुंबईला उतरलो तेव्हा शेवटचं कुपनही 'वापरलं' झालं होतं. मी मुलाकडून तपासून घेतलं.

परवा शेजारचे जोशी भेटले. तेही अशाच प्रदक्षिणेला निघालेत, मुलीकडे टोरांटोला आणि पुढे. त्यांनी तारीख आणि मार्ग दोन्ही बदलून घेतलंय. मोबाइलवरची ईमेल दाखवून म्हणाले, "झालं बघा काम." चेहऱ्यावर तेच तेज. त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. 'बदल झाला' असं फोनवर कुणी म्हटलं तर फोन ठेवू नका. बुकिंगचा सहा अक्षरी नंबर सांगतील, त्यावर समाधान मानू नका. तिकिटाचा नवा नंबर मागा. तो 13 आकडी असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे. लिहून घ्या, परत वाचून दाखवा आणि मोजा. बाराच भरले तर जागचे हलू नका.